साहेबांच्या बोटाचं माप

सलाइन चालू असताना थेंब कोणी मोजायचे, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या सगळ्या नर्सिंग होममध्ये एकच होतं: पेशंटच्या बहिणीने. बहीण नसेल तर वहिनीने, आणि तीही नसेल तर स्टुलावर ज्याची पाळी असेल त्याने. थेंब थांबला की पळत जाऊन सिस्टरला सांगायचं, एवढंच काम. त्यात डुलकी लागली तर पंचाईत, आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा जावई गप्पिष्ट निघाला तर जास्त पंचाईत.

आमच्या गाळ्यातल्या इंजिनिअरवर ही पाळी त्याच्या आईच्या आजारपणात आली. त्याला डुलकी लागली. आईनेच त्याला हलवून उठवलं आणि म्हणाली, "बाळा, माझी बाटली संपली. तू झोप, मी सांगते सिस्टरला." आई बरी होऊन घरी आली, पण हे वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. त्यातूनच आमच्या यंत्राची सुरुवात झाली.

गाळा मुलुंडच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये होता. आम्ही सलाइनचे स्टँड, बेडपॅन, हत्यारं ठेवायचे ट्रे आणि पायाने चालवायचा एक सक्शन पंप बनवायचो. मालक एका मोठ्या कारखान्यातून लवकर निवृत्त होऊन या धंद्यात पडले होते. त्यांना सगळे साहेब म्हणत. मी टायपिंग आणि स्टोअर सांभाळायला लागले होते. मला यादीशिवाय चालत नाही. माझ्या लग्नात सासूबाईंनी रुखवताची यादी मागितली, तेव्हा मी दोन दिल्या होत्या: एक आणलेल्या वस्तूंची, दुसरी परत न्यायच्या ताटांची. त्यामुळे स्टोअर मला सोपं गेलं, आणि उरलेल्या वेळात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी ड्रॉइंग शिकले. साहेबांनी गाळ्याच्या मागच्या भागात, खिडकीशी, मला एक ड्रॉइंग बोर्ड लावून दिला. स्टोअर आणि टायपिंग सुटलं नाही, पण दिवसाचा अर्धा वेळ मी त्या बोर्डापाशी उभी असायची. तो अर्धा वेळ मला उरलेल्या सगळ्या दिवसापेक्षा प्रिय होता.

इंजिनिअरच्या कल्पनेचं पहिलं ड्रॉइंग मी त्या बोर्डावर काढलं. सलाइनच्या नळीत वरच्या बाजूला एक पारदर्शक कुपी असते, तिच्यात थेंब पडताना दिसतात. त्या कुपीला बाहेरून धरेल असा एक जबडा करायचा. जबड्याच्या आत समोरासमोर दोन छोट्या गोल खिडक्या, एकीतून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघणार आणि दुसरीत शिरणार. थेंब पडला की उजेड क्षणभर अडतो आणि यंत्राला कळतं की सगळं ठीक आहे. बराच वेळ थेंब पडला नाही की भोंगा वाजतो. वॉर्डातल्या ट्यूबलाइटचा उजेड आत घुसू नये म्हणून इंजिनिअरने दोन्ही खिडक्यांना गडद लाल प्लॅस्टिक लावलं. हा गडद लाल रंग लक्षात ठेवा. आम्ही कोणी ठेवला नाही.

आम्ही यंत्राला भोंगाच म्हणायचो. इंजिनिअरला ते आवडायचं नाही. त्याने एक लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं, ते फक्त तो आणि माझा टाइपरायटर वापरायचे.

नमुना तयार झाल्यावर साहेबांनी दोन वाक्यांत निर्णय सांगितला. "घाटकोपरच्या मोठ्या डॉक्टरांनी हे त्यांच्या हॉस्पिटलसाठी घेतलं, तर आपण पुढे जायचं. नाही घेतलं, तर मागच्या भागात पाइप वाकवायचं मशीन बसवतो, स्टँडला मागणी आहे."

मागचा भाग म्हणजे माझा बोर्ड. पाइप वाकवायचं मशीन आलं की बोर्ड माळ्यावर जाणार आणि मी पूर्णवेळ दाराजवळच्या टेबलावर, चलनं टाइप करायला. त्या दिवसापासून भोंग्याची काळजी इंजिनिअरला होती त्याहून मला जास्त होती.

आता साहेबांच्या पूजेबद्दल सांगायला हवं. गाळ्यातून कोणतीही नवीन वस्तू पहिल्यांदा बाहेर पडणार असली की साहेब तिची पूजा करत. नारळ, दोन उदबत्त्या, अक्षता आणि कुंकू. कुंकू त्यांच्या ड्रॉवरमधल्या करंड्यात खोबरेल तेलात कालवून ठेवलेलं असायचं, कारण गाळ्यातल्या एक्झॉस्ट फॅनच्या वाऱ्याने कोरडं कुंकू उडायचं. करंगळीशेजारचं बोट त्या करंड्यात बुडवून ते चांगला दाट टिळा लावत. हे काम दुसऱ्या कोणी करायचं नाही आणि लावलेलं कुंकू कोणी पुसायचं नाही. एकदा पेंटरने एका ट्रेवरचा टिळा फडक्याने साफ केला होता, तर साहेब त्याच्याशी गणपती येईपर्यंत बोलले नाहीत.

इंजिनिअर देव मानत नव्हता. पूजा सुरू झाली की तो बाहेर जिन्यावर जाऊन उभा राहायचा आणि उदबत्तीचा वास गेला की आत यायचा. साहेबांना ते माहीत होतं, म्हणून ते मुद्दाम एक उदबत्ती जास्त लावायचे.

पहिल्या वेळी भोंगा सकाळभर गाळ्यात झकास चालला. मग पूजा झाली आणि भोंग्याचा डबा मांडीवर घेऊन साहेब रिक्षात बसले. मधे मी, कडेला इंजिनिअर. आग्रा रोडवरच्या खड्ड्यांत साहेब डबा दोन्ही हातांनी उचलून धरत होते, माणसांचं काय व्हायचं ते होवो.

हॉस्पिटलमध्ये एका रिकाम्या खाटेजवळ आमच्याच स्टँडला बाटली टांगली. पेशंटच्या जागी बादली ठेवली. साहेबांनी भोंगा स्वतः मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिला, डॉक्टरांनी जबडा कुपीला लावला, इंजिनिअरने बटण दाबलं. थेंब पडत होते. टप, टप, टप, अगदी शिस्तीत. भोंग्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि किंचाळायला सुरुवात केली.

"हे कधी वाजतं म्हणालात?" डॉक्टरांनी विचारलं.

"थेंब थांबले की," इंजिनिअर म्हणाला.

डॉक्टरांनी बादलीत वाकून बघितलं. "बाटली म्हणते मी चालू आहे. मशीन म्हणतं बंद आहे. मी कोणाचं ऐकू?"

इंजिनिअरने बॅटरी बदलली. भोंगा अजून मोठ्याने वाजला. बाहेरच्या व्हरांड्यातले नातेवाईक दारात जमले. त्यातल्या एकाने हात जोडून हळूच विचारलं, "कोण गेलं?" वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, "अजून कोणी नाही, पण हे बंद नाही केलं तर मी जाईन."

सिस्टर रत्नागिरीकडच्या होत्या आणि त्यांची एक सवय होती. वॉर्डातून बाहेर जाणारी प्रत्येक वस्तू त्या स्पिरिटच्या कापसाने पुसून द्यायच्या, मग ते थर्मामीटर असो की पेशंटच्या मावशीचा डबा. भोंगाही त्यांनी आतून-बाहेरून पुसून आमच्या हातात दिला.

गाळ्यात आल्यावर इंजिनिअरने बाटली लावली. भोंगा गप्प. नळी चिमटली, वाजला. सोडली, गप्प. अर्धा तास तो नळी चिमटत आणि सोडत बसला आणि यंत्र एकदाही चुकलं नाही.

"ट्यूबलाइट," इंजिनिअर म्हणाला. "त्यांच्या वॉर्डात आपल्यापेक्षा जास्त ट्यूबलाइट आहेत."

पुढचे काही दिवस तो गाळ्यात कुठून कुठून ट्यूबलाइट जमा करत होता. माझ्या बोर्डावरची, पेंटरच्या बूथमधली, शेजारच्या बॅटरीवाल्याकडून उसनी आणलेली. सगळ्या त्याने भोंग्याभोवती पेटवल्या. भोंगा गप्प राहून थेंब मोजत होता. मग त्याला पंख्याचा संशय आला, मग हॉस्पिटलच्या वायरिंगचा, मग एक्स-रे मशीनचा. जबड्याच्या कडांना त्याने काळं मखमल चिकटवलं, आतल्या सर्किटला चांदीचा कागद गुंडाळला. सर्किट बेसनाच्या वडीसारखं दिसायला लागलं.

दुसऱ्या वेळी पुन्हा पूजा, पुन्हा रिक्षा, पुन्हा बादली. आणि पुन्हा तेच. थेंब पडतायत आणि भोंगा ओरडतोय.

मोठे डॉक्टर सज्जन होते. ते चिडले नाहीत, ते घड्याळाकडे बघायला लागले. जाताना म्हणाले, "अजून एकदा या. कल्पना चांगली आहे म्हणून म्हणतोय. पण तेव्हाही असंच झालं तर मग राहू दे."

इंजिनिअर रागाने भोंगा तिथेच सोडून तडक निघून गेला. परतताना रिक्षात साहेब आणि मी दोघंच होतो, आणि भोंगा उचलायचं आम्हालाही सुचलं नव्हतं. भांडुप आल्यावर साहेब म्हणाले, "पाइप वाकवायचं मशीन किती जागा घेतं, माहिती आहे का बाई?"

"नाही साहेब."

"मोजून घ्या. तुमच्याकडे टेप आहे."

मी मोजून घेतलं नाही. साहेबांनी सांगितलेलं काम न करण्याची ती माझी पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी भोंगा परत आणायला मी एकटीच घाटकोपरला गेले. सिस्टरनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. देता देता म्हणाल्या, "एक सांगू का? तुम्ही लोक पेंट वाळायच्या आधी मशीन पाठवता."

"पेंट नाही हो लावलेला आतून."

"मग हे काय? मागच्या वेळी पण असंच." त्यांनी कचऱ्याच्या ट्रेमधला कापसाचा बोळा चिमट्याने उचलून दाखवला. लाल झाला होता. "जबड्यातून निघालं. मला आधी रक्तच वाटलं. म्हटलं, बादलीला सलाइन लावून रक्त कुठून आलं?"

मी चिमट्यासकट बोळा नाकाजवळ नेला. स्पिरिटच्या उग्र वासाखाली दुसरा एक वास होता, ओळखीचा, डोक्याला लावायचा. खोबरेल.

मी सिस्टरना म्हटलं, "वाळलेला नसेल पेंट. सांगते मी त्यांना." आणि बसमध्ये बसून हसले. एवढी हसले की शेजारच्या बाईंनी पिशवी दुसऱ्या मांडीवर घेतली.

तरी गाळ्यात जाऊन खात्री केली. जेवणाच्या सुट्टीत साहेब घरी गेले की ड्रॉवर उघडा असायचा. मी करंड्यात बोट बुडवून जबड्यातल्या लाल खिडकीवर टिळा लावला आणि लांब जाऊन बघितलं. काही दिसत नव्हतं. लालवर लाल. मग पाण्याची बाटली टांगून भोंगा चालू केला. तो अगदी घाटकोपरसारखा किंचाळला. लेथवरचे टर्नर मामा, सावंतवाडीकडचे, हातात डबा घेऊनच आले. "काय झाला गे बाय?"

"बॅटरी," मी म्हटलं, आणि साडीच्या पदराने खिडकी पुसली. भोंगा गप्प झाला.

मामांनी पदराकडे बघितलं, साहेबांच्या उघड्या ड्रॉवरकडे बघितलं आणि भाकरीचा घास घेतला. "बॅटरी," ते म्हणाले.

आता करायचं काय? मी सवयीप्रमाणे एका कागदावर पर्याय मांडले आणि एकेक खोडत गेले. साहेबांना सांगावं? ज्या माणसाने आयुष्यात एकही वस्तू पूजेशिवाय बाहेर पाठवली नाही, त्याला 'तुमच्या कुंकवाने यंत्र बिघडलं' हे सांगायचं म्हणजे पेंटरचंच नशीब, फक्त यावेळी गणपतीपर्यंत नाही, माझ्या निवृत्तीपर्यंत. इंजिनिअरला सांगावं? तो तर या दिवसाची वर्षानुवर्षं वाट बघत होता. तो सगळ्या गाळ्यासमोर भाषण देणार, साहेब नारळ फेकून मारणार, आणि संध्याकाळपर्यंत पाइप वाकवायच्या मशीनची ऑर्डर जाणार. मग रिक्षात गुपचूप पुसावं? डबा साहेबांच्या मांडीवर. हॉस्पिटलमध्ये? ते स्वतःच्या हाताने डॉक्टरांच्या हातात देतात. जबडा बारीक करावा, म्हणजे बोट जाणार नाही? कुपी अंगठ्याएवढी जाड, जबडा कुपीच्या मापाचा, आणि दुर्दैवाने साहेबांचं बोटही तेवढंच.

कागदावर काही उरलं नाही. म्हणून मी साहेबांचं बोट बघायला लागले.

म्हणजे खरोखर बघायला. त्या आठवड्यात गाळ्यातल्या प्रत्येक वस्तूवरचे जुने टिळे मी शोधून काढले, कारण पुसायला बंदी असल्यामुळे ते सगळे जागेवर होते. टेलिफोनवर टिळा होता डायलच्या बरोबर मधोमध. लोखंडी कपाटावर, कुलपाच्या गोल चकतीवर. ड्रिलिंग मशीनवर, चालू करायच्या गोल बटणावर, म्हणून ते बटण चिकट लागायचं. वजनकाट्यावर, काचेच्या तबकडीवर. बाहेर साहेबांची स्कूटर उभी होती, तिच्यावर हेडलाइटच्या पोटात. माझ्या टाइपरायटरवर घंटीच्या टोपीवर टिळा होता. ती घंटी गेली दोन वर्षं का वाजत नव्हती, ते मला त्या दिवशी कळलं.

एकही अपवाद नव्हता. समोर जे सगळ्यात गोल आणि सगळ्यात चकचकीत असेल, साहेबांचं बोट तिथे जायचं. आणि आमच्या भोंग्यावर गोल आणि चकचकीत अशी एकच गोष्ट होती, जबड्यातली खिडकी.

मग उपाय सोपा होता. मी बोर्डावर गेले आणि भोंग्याच्या डोक्यावर, जबड्याच्या वर किंचित मागे, एक पितळेची चकती काढली. मधे थोडी खोलगट, वाटीसारखी. खोली अशी की टिळा आणि दोन अक्षता आरामात राहतील. रुंदीसाठी मी साहेबांचा चष्मा उचलून देण्याच्या निमित्ताने त्यांच्या बोटावर नजर टाकली होती.

ड्रॉइंगवर इंजिनिअरची सही लागायची. तो चकतीवर पेन्सिल ठेवून म्हणाला, "ही काय भानगड आहे?"

"वजन."

"कसलं वजन?"

"जबडा पुढे जड होतो ना रे. कुपीवर लावला की खाली झुकतो. मागून थोडं वजन हवं."

"मग चपटी कर. वाटी कशाला?"

"वाटी केली की वजन कडेला जातं."

त्याने थोडा विचार केला आणि सही केली. या वाक्याला काही अर्थ आहे का, ते मला आजही माहीत नाही. पण इंजिनिअरला वजनाचं कारण दिलं की तो ऐकतो, आणि भोंगा खरंच थोडा झुकायचा, त्यामुळे अगदीच खोटंही नव्हतं.

मामांनी पितळेची कांडी लेथवर लावता लावता विचारलं, "ह्या कित्याक व्हया?"

"वजनाक," मी म्हटलं.

"बॅटरीचा वजन?"

"मामा, पॉलिश चांगलं करा. आरशासारखं."

"कोणाचा तोंड बघूचा हा त्यात?" असं पुटपुटत त्यांनी ती इतकी घासली की भोंग्याच्या राखाडी डोक्यावर ती चमकायला लागली. लग्नातल्या मुंडावळ्यांसारखी, असं मला वाटलं. इंजिनिअरला ती बोल्टसारखी वाटली. ज्याचं त्याचं.

तिसऱ्या वेळेची सकाळ. भोंगा गाळ्यात चालवून झाला, टेबलावर ठेवला. इंजिनिअर जिन्यावर गेला. साहेबांनी नारळ वाढवला, तीन उदबत्त्या लावल्या, करंडा उघडला आणि बोट बुडवलं.

मी समोरच होते. बोट भोंग्याकडे निघालं आणि जबड्याच्या दिशेने चाललं, कारण दोनदा तिथेच गेलं होतं, सवय होती. जबड्याच्या तोंडाशी आल्यावर बोट थबकलं. साहेबांनी मान थोडी तिरकी केली. खिडकीतून येणारा उजेड पितळेवर पडत होता. बोट वर उचललं गेलं आणि वाटीत टेकलं. जरा घट्टच, पण टेकलं. मग अक्षता. एकही दाणा खाली पडला नाही.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी उदबत्तीकडे बघत होते.

हॉस्पिटलमध्ये तीच खाट, तीच बादली. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ काढून टेबलावरच ठेवलं होतं, म्हणजे फार वेळ देणार नव्हते. जबडा कुपीला लागला. थेंब पडायला लागले. आम्ही सगळे भोंग्याकडे बघत होतो आणि तो काही बोलत नव्हता. साहेब रुमालाने मान पुसत होते. बाटली एक बोटभर रिकामी झाली तरी भोंगा गप्प.

डॉक्टरांनी नळी चिमटली. थोड्या वेळाने भोंगा वाजला. नळी सोडली. गप्प. पुन्हा चिमटली, वाजला. पुन्हा सोडली. डॉक्टर इतक्या वेळा हे करत राहिले की शेवटी सिस्टर म्हणाल्या, "सर, बादली भरली."

मग डॉक्टरांनी चष्मा सारखा करत बोटाने दाखवलं. "आणि हे काय आहे? पितळेचं?"

वाटीत ताजं कुंकू होतं, त्यात दोन तांदूळ. साहेब छताकडे बघायला लागले. इंजिनिअर म्हणाला, "ते वजन..." आणि पहिल्यांदाच त्याने वाटीत नीट डोकावून बघितलं आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं.

"अंगठा ठेवायला," मी म्हटलं. "एका हाताने लावता यावं म्हणून."

सिस्टर पुढे आल्या. "बघू." त्यांनी कुपीवरून भोंगा काढला, अंगठा वाटीत रोवला, बाकीच्या बोटांनी जबडा उघडला आणि एका झटक्यात परत लावला. त्यांच्या दुसऱ्या हातात फाइल होती, ती त्यांनी खाली ठेवलीही नाही. "बरं आहे की हे. आधीच्याला दोन हात लागत होते."

अंगठा बाहेर आला तो लाल. सिस्टरनी अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्पिरिटचा कापूस घेऊन अंगठा शांतपणे पुसला आणि म्हणाल्या, "पेंट वाळायच्या आधी पाठवायची यांची सवय काही जात नाही."

डॉक्टरांनी वॉर्डातल्या सगळ्या खाटांसाठी भोंगे सांगितले. साहेब रिक्षात बसल्यावर इंजिनिअरने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"भाषण."

"म्हणून."

पण नमुना चालणं आणि वस्तू बाजारात जाणं यात बराच रस्ता असतो. एकेक पितळी वाटी लेथवर घासत बसणं परवडणार नव्हतं. बाहेरचं कवच साच्यातून प्लॅस्टिकचं काढायचं ठरलं आणि साचा बनवायला आम्ही अंधेरीच्या एका डायमेकरकडे गेलो. त्याने ड्रॉइंग बघून खर्च कमी करायच्या जागा सांगितल्या. पहिलीच जागा माझी वाटी. "हा खड्डा काढून टाका. साच्यात उगाच काम वाढतं. वजनाची पण गरज नाही आता, प्लॅस्टिक हलकं आहे."

इंजिनिअर माझ्याकडे बघत होता. मी साहेबांकडे. कारण आता वाटीचं कारण द्यायची पाळी माझी नव्हती. वाटी गेली, तर साहेबांचं बोट पुन्हा जबड्यात जाणार, आणि प्रत्येक हॉस्पिटलमध्ये पूजा करणारे कोणीतरी साहेब असणारच. तसं झालं तर बाजारात गेलेला भोंगा तिथून परत येणार आणि माझ्या खिडकीशी पाइप वाकणार.

साहेब ड्रॉइंग वर धरून उजेडात बघत होते. म्हणाले, "खड्डा राहू दे."

"पण साहेब, त्याचा उपयोग..." डायमेकर म्हणाला.

"अंगठा ठेवायला आहे तो. सिस्टर लोकांना लागतो." साहेबांनी ड्रॉइंग माझ्यासमोर ठेवलं आणि करंगळीशेजारचं बोट वाटीच्या वर्तुळावर टेकवलं. बोट वर्तुळाच्या बाहेर दोन्हीकडून थोडं थोडं येत होतं. "आणि बाई, जरा मोठा करा. माझं बोट मावत नाही."

डायमेकरला काही कळलं नाही. इंजिनिअर खोकला. मी पेन्सिल काढून तिथल्या तिथे माप बदललं.

भोंगा बाजारात गेला. आमच्या माहितीपत्रकात 'एका हाताने बसवण्यासाठी अंगठ्याची खास जागा' अशी ओळ मी टाइप केली. बोरिवलीपर्यंतच्या सिस्टर तिची तारीफ करत. पुढे दुसऱ्या कोणी तसंच यंत्र काढलं, तेव्हा त्यांनीही तो खड्डा ठेवला. कशासाठी ते त्यांना माहीत नसावं, पण माप आमच्या साहेबांच्या बोटाचंच होतं.

त्या वर्षी खंडेनवमीला साहेब करंडा घेऊन गाळाभर फिरले. लेथ, ड्रिल, टेलिफोन, टाइपरायटर. शेवटी माझ्या बोर्डापाशी आले. बोर्डावर नवीन ड्रॉइंग ताणून लावलेलं होतं, शाई ओली होती. ते बोट वर धरून जागा शोधत उभे राहिले. बोर्डावर गोल आणि चकचकीत काहीच नव्हतं, कारण कंपासपेटी मी सकाळीच लपवली होती.

मी बोर्डाच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे मामांनी घासून दिलेली, नमुन्यावरून काढलेली पितळेची पहिली वाटी मी दोन स्क्रूंनी बसवून ठेवली होती.

"ही लहान आहे," साहेब म्हणाले.

"जुनं माप आहे साहेब."

त्यांनी बोट तिरकं करून कसंबसं बसवलं, अक्षता टाकल्या, आणि शाई वाळायच्या आत पुढे निघून गेले.